भित्तिपत्रकावरील गणित

विद्यार्थ्याने केलेले संशोधन मीटरभर लांबीरुंदीच्या कागदावर मांडावे, तो कागद फळीवर लावून त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि समोरून जाणाऱ्या परीक्षकांस चार-सहा मिनिटांत त्याचे मर्म सांगावे, अशा प्रकारच्या स्पर्धा आता आपल्या विद्यापीठांच्या वार्षिक कार्यक्रमात चांगल्याच स्थिरावल्या आहेत. महाराष्ट्रात कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ सालापासून भरणारे ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठीय संशोधन-संमेलन हे त्यांतील सर्वांत व्यापक उदाहरण होय. महाविद्यालयातून विद्यापीठाकडे व विद्यापीठातून राज्याकडे अशा पायऱ्यांनी ते चढत जाते. त्यात गणिताला स्वतंत्र दालन नाही. विशुद्ध शास्त्रांच्या दालनात रसायन, पदार्थविज्ञान व जीवशास्त्र यांच्या पंक्तीस गणिताचे पान मांडलेले असते. ही व्यवस्था कोणाच्या दुष्ट हेतूने झालेली नाही. तथापि तिचे गणितावर काय परिणाम होतात, याचा विचार गणितज्ञांनीच करावयास हवा. तो अद्याप पुरेशा गंभीरपणे झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

हा विचार करताना एक विशिष्ट विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. तो काल्पनिक आहे. परंतु त्याचे गाव काल्पनिक नाही. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या शेजारी, घिवली हे समुद्रकाठचे मच्छीमारांचे गाव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, त्यात ते येते; विद्यापीठ मात्र पूर्वीपासून मुंबईचेच. तेथील एखादा मुलगा वा मुलगी पालघरास किंवा बोईसरास शास्त्रशाखेत शिकते, तिसऱ्या वर्षी गणित हा मुख्य विषय घेते, आणि एक दिवस तिला सांगण्यात येते की, पुढील महिन्यात स्पर्धा आहे, ‘काहीतरी संशोधन’ करून फलक तयार करावा. या ‘काहीतरी’चे पुढे काय होते, हा आपल्या परीक्षणाचा विषय.

प्रथम या साधनाविषयी. वैज्ञानिक संमेलनांत भित्तिपत्रके लावून संशोधन मांडण्याची प्रथा फार जुनी नाही. युरोपात ती १९६९ च्या सुमारास, माद्रिद येथील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या संमेलनात रूढ झाली. १९७४ च्या सुमारास अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञांनी ती उचलली. (तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी वीज देण्यास आरंभ केला तेही १९६९ सालीच; अर्थात या योगायोगातून काही सिद्ध होत नाही.) कारण अगदी व्यावहारिक होते. निबंध वाचणाऱ्यांची संख्या वाढली आणि दिवसाचे तास वाढले नाहीत. परंतु ही प्रथा जीवरसायनात जन्मली हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या शास्त्रात संशोधनाचे फलित पुष्कळदा दृश्य असते: एक छायाचित्र, एक आलेख, दोन स्तंभांतील फरक. पाहणाऱ्याने ते पाहिले की निम्मे काम होते. प्रयोग विश्वासाने केला आहे असे धरून चालावे लागते, कारण तो फळीसमोर पुन्हा करून दाखविता येत नाही.

गणितात नेमके उलटे आहे. येथे प्रयोग पुन्हा करून दाखविता येतो, किंबहुना तो करून दाखविणे म्हणजेच गणित. पण तो ‘दिसत’ नाही, वाचावा लागतो. सिद्धता ही एका ओळीनंतर दुसरी अशी काळात उलगडणारी वस्तू आहे. कागदावर ती एकाच वेळी सगळी पसरून ठेवली तरी वाचकाला ती एकेक पाऊल टाकूनच ओलांडावी लागते, आणि ज्याच्यापाशी चार मिनिटे आहेत तो ते करीत नाही. परिणामी विद्यार्थी सिद्धता गाळतो व चित्रे वाढवितो. एका फलकापुरते पाहिले तर हे क्षम्य आहे. स्पर्धेच्या साऱ्या दालनात तेच झाले, म्हणजे मात्र गणितातून गणित वगळून उरलेला भाग आपण बक्षिसास पात्र ठरवीत असतो.

यावर असे म्हणता येईल की, काही गणिती फलिते एका दृष्टिक्षेपात पटण्याजोगी असतातच. ते खरे आहे. १९०३ सालच्या ऑक्टोबरात फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन गणित-संस्थेच्या सभेत फळ्यावर २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मांडली, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार करून तीच संख्या आणून दाखविली, आणि एक शब्दही न उच्चारता ते जागेवर जाऊन बसले, अशी हकीकत ई. टी. बेल यांनी सांगितली आहे. १९६६ साली लँडर व पार्किन यांनी २७, ८४, ११० व १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी येते हे दाखवून ऑयलरचे सुमारे दोनशे वर्षांचे एक अनुमान मोडले. तो सबंध निबंध दोन वाक्यांचा होता. असे फलक कोणत्याही दालनात उभे राहू शकतील. परंतु दोन्ही उदाहरणांत काय मांडले आहे आणि काय मांडलेले नाही, हे पाहण्यासारखे आहे. त्या संख्या खऱ्या आहेत हे कोणीही तपासू शकतो. त्या सापडल्या कशा हे फळ्यावर कोठेच नाही. आणि शोध कसा घेतला हे सांगता येणे हेच तर विद्यार्थ्याच्या संशोधनाचे पहिले प्रयोजन.

चित्रांच्या विश्वासार्हतेविषयीही थोडे सावध असणे इष्ट. आठ गुणिले आठ असा चौरस घेऊन त्याचे चार तुकडे करावे व ते पाच गुणिले तेरा अशा आयतात जुळवावे, हा खेळ पुष्कळांना ठाऊक आहे. चौसष्ट घरे पासष्ट होतात, आणि डोळ्याला कोठेही खोट दिसत नाही. कर्णाच्या दोन बाजूंमधील बारीक फट एका घराइतक्या क्षेत्रफळाची असते; ५, ८, १३ या लागोपाठच्या फिबोनाची संख्या असल्याने ५ × १३ − ८ × ८ = १, एवढेच त्या जादूचे रहस्य. हा खेळ फलकावर मांडला तर तो करमणूक आहे. त्याखाली त्या श्रेणीतील कोणत्याही तीन लागोपाठच्या पदांसाठी हा फरक आळीपाळीने अधिक एक व उणे एक का येतो हे पाच ओळींत सिद्ध केले, तर तो गणिताचा फलक होतो. आमच्या समजुतीप्रमाणे चित्रमय फलक व गणिती फलक यांतील अंतर या पाच ओळींचेच आहे.

आता प्रत्यक्ष जे फलक पाहावयास मिळतात त्यांकडे वळू. कोणत्याही एका महाविद्यालयाविषयी हे विवेचन नाही. अनेक ठिकाणी व अनेक वर्षे जे साधारणपणे दिसते त्याविषयी आहे.

पहिला प्रकार निसर्गातील गणिताचा. सूर्यफूल, अननस, शंख, आणि त्यांवरून काढलेले एक सोनेरी वर्तुळाकार वळण. सूर्यफुलाच्या बियांच्या ओळी मोजल्यास पुष्कळदा फिबोनाची संख्या येतात, यात तथ्य आहे, आणि त्यामागे सखोल कारणेही आहेत. परंतु नॉटिलसच्या शंखाचे वळण सुवर्णगुणोत्तराचे असते हे विधान मोजमापापुढे टिकत नाही. ते वळण लघुगणकीय असते एवढेच खरे, आणि लघुगणकीय वळणे अनंत आहेत. येथे गंमत अशी की, आपल्या घिवलीच्या विद्यार्थिनीला हे तपासण्यासाठी ग्रंथालयातही जावयास नको. पुळणीवरचे पन्नास शंख वेचावे, प्रत्येकाच्या लागोपाठच्या दोन वेढ्यांचे गुणोत्तर मोजावे, आणि ते एका जातीत किती स्थिर राहते व जातीजातींत किती बदलते हे मांडावे. यात प्रसिद्ध विधानाचा पराभव झाला तरी फलकाचा विजय होतो. पण फलकांवर शंख येतो तो परदेशी छायाचित्रातला.

दुसरा प्रकार उपयुक्ततेचा. सारण्यांचा गुप्तलेखनात उपयोग, आलेख-सिद्धांताचा समाजमाध्यमांत उपयोग, अवकल समीकरणांचा रोगप्रसारात उपयोग. या शीर्षकांतील ‘उपयोग’ हा शब्द पुष्कळदा फसवा असतो. विद्यार्थ्याने उपयोग केलेला नसतो. उपयोग होतो असे कोठेतरी वाचलेले असते. तारापूरच्या परिसरात किरणोत्सर्गी ऱ्हासाचे घातांकी समीकरण हा विषय कोणालाही सहज सुचेल. परंतु पाठ्यपुस्तकातील समीकरण पाठ्यपुस्तकातील अर्धायुष्य घालून सोडविले व खाली वीजकेंद्राचे चित्र चिकटविले, तर त्यात संशोधन कोणते? या प्रकाराचा दोष विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘समाजोपयोगिता’ हे सदर असले, आणि परीक्षक इतर शास्त्रांतून आलेले असले, की ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न अटळ होतो. अविभाज्य संख्यांविषयी एखादे छोटे पण स्वतःचे निरीक्षण घेऊन आलेला मुलगा त्या प्रश्नापुढे निरुत्तर होतो. दुसऱ्या वर्षी तो शहाणा होऊन गुप्तलेखन घेऊन येतो. अशा रीतीने स्पर्धाच संशोधनवृत्तीला वळण लावीत असते, व ते वळण चांगले नाही.

तिसरा प्रकार शीघ्रगणिताचा, म्हणजे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या भारती कृष्णतीर्थ यांच्या ग्रंथातील गुणाकार-भागाकाराच्या युक्त्यांचा. त्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. त्या युक्त्या चतुर आहेत. त्या का चालतात हे दोन ओळींच्या बीजगणिताने दाखविता येते. आणि ते दोन ओळींचे बीजगणितच फलकावर नसते.

या सर्व प्रकारांत समान असे एक लक्षण आहे. फलकावर एकही विधान असे नसते की जे चूक ठरू शकेल. जे सांगितले आहे ते एक तर सर्वज्ञात आहे किंवा इतके मोघम आहे की त्याचा प्रतिवाद संभवत नाही. संशोधनाची व्याख्या करण्याच्या भानगडीत न पडता एवढे निश्चित म्हणता येईल की, जेथे चुकण्याची शक्यता नाही तेथे संशोधन नाही.

भाषेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. फलक बहुधा इंग्रजीत असतो, विद्यार्थी विचार मराठीत करतो, आणि दोहोंमधला सांधा संकेतस्थळांवरून उचललेल्या वाक्यांनी भरला जातो. इंग्रजीत लिहावयास आमची हरकत नाही. गणिताचा विद्यार्थी उद्या त्याच भाषेत लिहिणार आहे. हरकत आहे ती अशा वाक्याला, जे लिहिणाऱ्यास स्वतःच्या भाषेत पुन्हा सांगता येत नाही. परीक्षकाने फलकावरील कोणत्याही एका वाक्यावर बोट ठेवून ‘हे मला मराठीत सांगा’ म्हणावे. या एका कसोटीने जे उघड होते ते गुणतक्त्यातील दहा सदरांनी होत नाही.

येवढे दोष सांगितल्यावर स्पर्धाच नको असे म्हणणे सोपे होते. आमचे मत तसे नाही, आणि त्याचे कारण याच किनाऱ्यावर सापडते. बोईसरहून गाडीने उत्तरेस निघाले की वाणगाव आणि मग डहाणू. त्या डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक परीक्षेतील गुणांसाठी नव्हते. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी होते. १९२९ साली ते पदवीधर झाले, पुढे १९६२ पर्यंत देवळालीस शाळेत शिक्षक राहिले, आणि पदव्युत्तर शिक्षण न घेता आयुष्यभर संख्यांशी खेळत राहिले. ६१७४ या संख्येचा त्यांचा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित-परिषदेत मांडला गेला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तोवर आपल्याकडील अनेक विद्वानांना हे काम किरकोळ वाटत असे. म्हणजे विद्यार्थ्याच्या गणिती संशोधनाला बक्षीस देण्याची कल्पना आपल्याकडे भित्तिपत्रकाहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिने एकदा तरी अचूक माणूस ओळखला. समाजोपयोगितेचे सदर तेव्हा असते तर तो ओळखला गेला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कापरेकरांचा स्थिरांक हा विषय आजही फलकांवर येतो. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक समान नसावेत; अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी; आलेल्या बाकीवर तीच क्रिया करीत राहावे; सातव्या पायरीच्या आत ६१७४ येते व पुढे तीच राहते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. फलकावर बहुधा चार-पाच उदाहरणे असतात आणि खाली कापरेकरांचे छायाचित्र. हा विषय येथे मुद्दाम घेतला तो एवढ्यासाठी की, भित्तिपत्रकावर सिद्धता मावत नाही ही तक्रार त्याने खोटी पडते.

तीन अंकी संख्येपासून आरंभ करावा. मोठ्यापासून लहानाकडे अंक अ, ब, क असतील तर वजाबाकी ९९ × (अ − क) येते. मधला अंक हिशेबातून निघूनच जातो. म्हणजे हजारभर संख्यांची चौकशी अ − क या एका फरकाच्या चौकशीत संपते, आणि तो फरक १ ते ९ यांपैकी एक आहे. या फरकाला म म्हणू. ९९म या संख्येचे अंक म − १, ९ आणि १० − म असे असतात. पहिल्या व शेवटच्याची बेरीज नेहमी ९. सर्वांत मोठा अंक ९ असल्यामुळे पुढचा फरक ९ वजा त्या दोहोंतील लहान अंक. आता सारणी मांडा: १ वरून ९, ९ वरून ८, ८ वरून ७, ७ वरून ६, ६ वरून ५, आणि ५ वरून पुन्हा ५, तसेच २ वरून ८, ३ वरून ७, ४ वरून ६. सगळ्या वाटा ५ ला मिळतात आणि ९९ × ५ = ४९५. सर्वांत लांब वाट सहा पायऱ्यांची. सिद्धता येथे पूर्ण झाली, आणि तिला लागलेली जागा तळहाताएवढी आहे. बाण काढून दाखविली तर ती चित्रही आहे.

चार अंकांसाठी वजाबाकी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) अशी येते. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका; सर्व मिळून जोड्या २ + ३ + … + १० = ५४. चोपन्न जोड्यांचा हा वृक्ष फलकावर सहज मावतो, आणि तो विद्यार्थ्याने हाताने काढला पाहिजे. हाताने काढताना त्याला दिसेल की अनेक जोड्या पहिल्याच पायरीवर एकमेकींत मिसळतात. का मिसळतात हा प्रश्न आपोआप पुढे येतो. मग दोन अंकांकडे वळावे. तेथे स्थिरांकच नाही; ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांतही स्थिरांक नाही. तीनला आहे, चारला आहे, दोनला व पाचला नाही, तर मग नियम कोणता? दशमानाऐवजी दुसऱ्या पायातील अंकलेखन घेतले तर काय होईल? यांतील पुष्कळ उत्तरे अन्यत्र प्रसिद्ध झालेली आहेत. त्याने बिघडत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याकडून जगाला नवे असे काही मिळावे ही अपेक्षाच चुकीची. त्याने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढलेले असावे, आणि पूर्वी कोणी काढले असल्यास तसे प्रामाणिकपणे फलकावर लिहिलेले असावे, एवढे पुरे. चार उदाहरणे व छायाचित्र असलेला फलक आणि हा फलक यांचा विषय एकच आहे. स्पर्धेच्या गुणतक्त्याला मात्र त्यांतील भेद दिसतोच असे नाही, कारण पहिला बहुधा अधिक रंगीत असतो.

कोणी म्हणेल की संख्यांचे हे खेळ ठीक, पण आजूबाजूच्या जीवनाशी संबंध असलेले गणित विद्यार्थ्याने का करू नये? जरूर करावे. आमचा आक्षेप उपयोगावर नाही, उसन्या उपयोगावर आहे. घिवलीच्या विद्यार्थिनीपाशी स्वतःचा उपयोग घरातच आहे. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, तितके वाजता पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हा हिशेब क्षणाचा होता. मुंबईच्या आसपास तो बराचसा जुळतो. आता गणिताच्या विद्यार्थ्याने यावर पहिला प्रश्न असा विचारावा की, हा नियम स्वतःशी तरी सुसंगत आहे काय?

तो नाही. पौर्णिमेस पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण तास, अर्थात पाऊण वाजता. एरवी रोज पंचेचाळीस मिनिटांनी पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास उडी मारते. समुद्र अशी उडी मारीत नाही. तेव्हा दोष नियमात आहे. तो कोठून आला हेही काढता येते. भरती दिवसातून दोनदा येते, आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे पंधरा तिथींत, तिची वेळ बारा तासांनी सरकून पुन्हा मूळ जागी आली पाहिजे. बारा तास भागिले पंधरा म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊणपट नव्हे, चार-पंचमांशपट. दर तिथीला तीन मिनिटे कमी धरल्याने पंधरा तिथींत पंचेचाळीस मिनिटांची तूट पडते, आणि ती प्रतिपदेस एकदम भरून निघते. मग आपल्या पूर्वजांनी चार-पंचमांश का धरले नाही? एक उत्तर असे संभवते की, चार-पंचमांशाचा पाढा कोणी पाठ करीत नसे, पाऊणकीचा करीत. (याच किनाऱ्यावर, दक्षिणेस मुरुडजवळच्या नांदगावी, गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ज्या ‘ग्रहलाघवा’ची रचना केली त्यातही ज्याचापांना फाटा देऊन गणित सुलभ करण्याचीच दृष्टी होती. सोपेपणासाठी किती अचूकता सोडावी, हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही.)

परंतु एवढ्यावर फलक संपवू नये, कारण याहून चांगले उत्तर समुद्रातच आहे. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे आणि सूर्यामुळे येणाऱ्याचे बरोबर १२ तासांचे. दोन्ही लाटा एकत्र आल्या की उधाण, एकमेकींविरुद्ध गेल्या की भांग. त्यांची बेरीज त्रिकोणमितीने केली, आणि सूर्याच्या लाटेचे चंद्राच्या लाटेशी प्रमाण र धरले, तर असे निघते की उधाणाच्या वेळी भरतीची दर तिथीची पिछाडी ४८ भागिले (१ + र) मिनिटे, आणि भांगाच्या वेळी ४८ भागिले (१ − र) मिनिटे असते. म्हणजे अठ्ठेचाळीस ही केवळ सरासरी होय. उधाणाच्या दिवसांत भरती त्याहून कमी उशिरा येते, भांगाच्या दिवसांत जास्त. यावरून पाऊणपटीचा ठोकताळा कोणत्या तिथींना चांगला चालेल व कोणत्यांना फसवील, याविषयी एक नेमके भाकीत करता येते. हे भाकीत चूक ठरू शकते. ते तपासण्याची सामग्रीही उपलब्ध आहे: भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. त्याशिवाय तिथीची लांबी स्थिर नाही. सरासरी २३ तास ३७ मिनिटांची असली तरी ती कमीजास्त होते, कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो. त्या दिवशी घरातील वडीलधारी मंडळी भरतीचा हिशेब कसा जुळवितात, हे विद्यार्थिनीने विचारून नोंदवावे. ती नोंद कोणत्याही कोष्टकात नाही.

अशा फलकापुढे परीक्षकाने काय विचारावे, याचाही विचार व्हावयास हवा. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न येथे उद्‌भवत नाही, पण म्हणून परीक्षा सोपी होऊ नये. र ची किंमत कोठून घेतली? ती मुंबईची घेतली असेल तर घिवलीला लागू धरण्याचे समर्थन काय, कारण मुंबईहून उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जाताना भरती-ओहोटीतील अंतर वाढत जाते? उधाण नेमके पौर्णिमेस न येता एक-दोन दिवस उशिरा येते, त्याने भाकीत किती सरकते? दोनच लाटा धरल्या, बाकीच्या सोडल्या, त्यामुळे किती मिनिटांची चूक संभवते? हे प्रश्न विचारण्यास परीक्षक गणितज्ञ असावा लागतो, आणि त्याच्यापाशी चारांऐवजी वीस मिनिटे असावी लागतात. फलकांची संख्या निम्म्यावर आणली तर ती मिळतील. विशुद्ध शास्त्रांच्या दालनात गणितासाठी स्वतंत्र परीक्षकमंडळ नेमणे हे तर खर्चाचेही काम नाही. तसेच फलकासोबत सिद्धतेचे व मोजमापांचे दोन-तीन हस्तलिखित कागद ठेवण्याची मुभा असावी, आणि परीक्षकांनी ते आदल्या दिवशी वाचावेत. १९२७ सालच्या त्या पारितोषिकाला फळी लागली नव्हती. कोणीतरी एका विद्यार्थ्याचे कागद बसून वाचले होते.